दोघं हरले तर

नोएडा, सेक्टर ५०
१० जुलै २०२३

श्रीमती प्रमोदिनी गुप्ते यांस,

नमस्कार. विनंती काही नाही, विशेष तेवढं आहे.

परवा "यापुढे जे सांगायचं ते लेखी सांगा, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही" असं म्हणून तुम्ही फोन आपटलात. मोबाइल आपटता येत नाही, पण तुम्ही तेही जमवलंत असं आवाजावरून वाटलं. माझा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत गेला, लेखी बोलायची मला सवय आहे. अडचण झालीच तर तुम्हाला होईल, कारण कागदावर पी.टी.ची शिट्टी फुंकता येत नाही.

आता विषय. माझा इंद्रजित आणि तुमची कृतिका वेगळे झाले त्याला पाच महिने झाले. आपल्या नातीचे, तनयाचे, शनिवार-रविवार त्यांनी वकिलांसमोर वाटून घेतले. दिवाळीवर मात्र दोघांचं इतकं वाजलं की शेवटी "तनयाच्या दिवाळीचं आजी-आबांनी ठरवा, आणि आमच्या संसाराबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोलू नका" असं सांगून दोघंही मोकळे झाले. म्हणजे आपल्यावर काम सोपवलं आणि तोंडही बांधलं. ठीक आहे. संसाराबद्दल मी लिहिणार नाही. रग्बीबद्दल लिहितो.

आपला करार तुम्ही सोयीने विसरता, म्हणून पुन्हा मांडतो. २००७ च्या मे महिन्यात लग्न झालं, सप्टेंबरात रग्बीचा वर्ल्ड कप सुरू झाला, आणि तुमच्या करोल बागच्या घरी चहा पिताना आपण ठरवलं: वर्ल्ड कपच्या वर्षी ज्याचा संघ पुढे जाईल, दिवाळी त्याच्या घरी. दोघांनी एकच संघ घ्यायचा नाही. संघ बदलायचा तर स्पर्धेची पहिली शिट्टी होण्याआधी. मी दक्षिण आफ्रिका घेतली, तुम्ही न्यूझीलंड. २००७ मी जिंकलो. २०११ आणि २०१५ तुमचं. २०१९ माझं. म्हणजे दोन-दोन. यंदा फ्रान्समध्ये निकाल लागेल, आणि तनयाची दिवाळीही तिथेच लागेल. आपण दोघं समोरासमोर बसून काही ठरवू शकू असा भ्रम मला नाही, तेव्हा हाच मार्ग बरा.

माझा अंदाज असा. आयर्लंड क्रमवारीत पहिलं आहे, पण उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे ते आजवर गेलेलं नाही. फ्रान्स घरच्या मैदानावर आहे, आणि घरच्या लोकांसमोर माणसाचा तोल लवकर जातो. हे दोन, शिवाय आपले दोन, असे चारही चांगले संघ सोडतीत एकाच बाजूला पडलेत. चारातले दोन उपांत्यपूर्व फेरीतच घरी जातील. त्यात तुमचं न्यूझीलंड असेल. त्यांचं गेलं वर्ष आठवा, आयर्लंड त्यांच्या घरी जाऊन मालिका जिंकून आलं.

दक्षिण आफ्रिका कायम. कळावे, आणि मान्य असल्यास तसं कळवावे.

विनायक आठल्ये

*

करोल बाग
१७ जुलै २०२३

विनायकराव,

पत्र मिळालं. अक्षर अजून फाइलीतलंच आहे, मजकूरही.

तुम्ही पाकीट पोस्टात टाकलंत आणि शनिवारी ऑकलंडमध्ये तुमच्या आफ्रिकेला आम्ही ३५-२० असं धुतलं. पहिल्या वीस मिनिटांत तुमचे पहिलवान कुठे होते? लेखी उत्तर द्या, घाई नाही.

करार मला पाठ आहे. तुम्हीच एक गोष्ट गाळलीत. २००७ ची ती दिवाळी नुसती दिवाळी नव्हती, दिवाळसण होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावयाने सासरी यायचं, सासूने त्याला तेल-उटणं लावायचं, ओवाळायचं, ही आपली रीत. चहाच्या कपावर गमतीत लावलेली पैज तुम्ही नियमावर बोट ठेवून वसूल केलीत, आणि जावयाचा दिवाळसण त्याच्याच घरी झाला. मी नवी चांदीची वाटी आणली होती, ती तशीच कपाटात राहिली. २०१९ ला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आफ्रिकेने वेल्सला हरवलं आणि तासाभरात तुमची टॅक्सी माझ्या दारात. तनयाचे केस ओले होते. दहा वर्षांची पोर शिंकत शिंकत नोएडाला गेली. तर पैज मला शिकवू नका.

आता खेळाचं. मी तीस वर्षं पहाडगंजातल्या मराठी शाळेत पी.टी.ची बाई होते. शिक्षकांच्या शिबिरात रग्बी शिकले आणि मुलींच्या हातात तो लांबोडा बॉल दिला, तेव्हा सगळी स्टाफरूम हसली होती. तुम्ही तरुणपणी दूतावासातल्या गोऱ्यांबरोबर खेळायचात, हूकर होतात, हे गेली सोळा वर्षं प्रत्येक जेवणात ऐकलंय. म्हणून हूकरबद्दल लिहिते. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड डोकी खुपसून एकमेकांना ढकलतात. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला सगळं लेखी लागतं. हूकर मधोमध. त्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले, पुढून रेटा, मागून रेटा, आणि बॉल मात्र त्यानेच पायाने ओढून मागे द्यायचा. अशी एक हूकर मी सोळा वर्षं बघितली. एका बाजूला रात्री दहाला ऑफिसातून येणारा नवरा, दुसऱ्या बाजूला चहात साखर कमी पडली की पेपर खाली न घेता सांगणारा सासरा. बॉल निघाला की दोघं म्हणणार, आम्ही काय ढकललं.

हे मी अर्थात आफ्रिकेच्या फॉरवर्डबद्दल लिहिते आहे.

न्यूझीलंड कायम. करार मान्य. तनया दिवाळीला माझ्याकडे असेल, आणि यंदा तिचे केस वाळतील.

प्रमोदिनी गुप्ते

*

नोएडा
२६ ऑगस्ट २०२३

श्रीमती गुप्ते,

सव्वा महिना उत्तर दिलं नाही, त्याचं कारण सांगतो. तुमचं पत्र मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. इंद्रजितने वाचलं. तो ताट तसंच ठेवून गाडी घेऊन बाहेर गेला, आणि हल्ली तो जेवण खोलीतच नेतो. तुमच्या स्क्रमची ही एक जखम. नोंद असावी म्हणून लिहिलं.

दुसरं कारण, मी लंडनच्या सामन्याची वाट बघत होतो. तो काल झाला. दक्षिण आफ्रिका ३५, न्यूझीलंड ७. न्यूझीलंड इतक्या फरकाने आजवर कधीच हरलं नव्हतं. राखीव आठांत आम्ही सात फॉरवर्ड बसवले होते. तुम्ही पहिलवान कुठे म्हणून विचारलं होतंत ना, ते बाकावर बसून होते.

तुमच्या संघाचा दोष तुम्हाला कुणी तरी सांगायला हवा. मोकळ्या मैदानात चेंडू हातात आला की तो देखणा दिसतो, लोक टाळ्या वाजवतात. पण चेंडू जमिनीवर पडतो, त्यावर माणसांचा ढीग होतो, आणि चिखलात वाकून तो काढायची वेळ येते, तेव्हा हे लोक बाजूला उभे राहून आपल्यावर अन्याय झाल्याचं पंचांना सांगतात. घर अशा ढिगाखालीच चालतं. मागे न बघता पळणं सोपं असतं. खेळ अर्ध्यावर असताना बॅग भरून माहेरी निघालेला संघ मी पाहिलेला नाही, पण काल रात्रीच्या न्यूझीलंडकडे बघून कल्पना आली.

हेही मी फक्त रग्बीबद्दल लिहितो आहे.

आज तनया आली आहे. उद्या तिच्यासोबत हा सामना पुन्हा बघणार. दिवाळीसाठी तिची खोली रंगवायला काढतो आहे. तिने फिकट हिरवा सांगितला आहे.

विनायक आठल्ये

*

नोएडा
२८ ऑगस्ट २०२३

श्रीमती गुप्ते,

मी संघ बदलतो आहे. दक्षिण आफ्रिका सोडली. नामिबिया घेतला.

पहिली शिट्टी ८ सप्टेंबरला आहे, तेव्हा नियमात बसतं. कारण देण्याची अट करारात नाही. पोच द्यावी.

विनायक आठल्ये

*

करोल बाग
३१ ऑगस्ट २०२३

विनायकराव,

तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पहिलं वाचून डोकं फिरलं, दुसरं वाचून हसू आलं, मग ते हसू मावळल्यावर परत डोकं फिरलं.

नामिबिया. वर्ल्ड कपमध्ये आजवर एकही मॅच न जिंकलेली टीम. तीही न्यूझीलंडच्याच गटातली, म्हणजे माझ्याच टीमकडून मार खाणार. ३५-७ जिंकल्यानंतर तीन दिवसांत माणूस असं का करतो? मी दोन दिवस विचार केला. मला दोनच उत्तरं सापडली, दोन्ही तुम्हाला शोभणारी आहेत.

पहिलं, ही भीक आहे. लंडनला न्यूझीलंड आपटलं, बाई आता रडेल, तेव्हा घ्या, दिली दिवाळी तुम्हाला. पुढच्या फळीतली माणसं जखमी झाली आणि बदली उरली नाही की रेफ्री बिनधक्क्याचा स्क्रम देतो. दोन्ही बाजू नुसत्या टेकून उभ्या राहतात, कुणी ढकलायचं नाही. प्रेक्षक हुर्यो करतात. मीही करते. माझी नात मला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाकडून नको आहे.

दुसरं उत्तर याहून वाईट. तुम्हाला ती नकोच आहे. शनिवार-रविवार ठीक, पण दिवाळीचे चार दिवस चौदा वर्षांची मुलगी घरात, घरात बाईमाणूस नाही, मुलगा खोलीत ताट घेऊन बसलेला. झंझट नको. मग सरळ तसं म्हणा ना. खोली हिरवी कशाला रंगवता?

आणि बॅग भरून माहेरी म्हणालात, तर ऐका. कृतिका ज्या दिवशी इथे आली त्या दिवशी तिच्या हातात बॅग नव्हती. अंगावरच्या कपड्यांवर मेट्रोने आली होती. दार उघडलं तर तिने मला "आई, चहा टाक" एवढंच सांगितलं. बॅग नंतर तनयाने आणली. तुम्ही तेव्हा घरात होतात, पेपर वाचत. तुम्हाला दिसलंच नाही.

हे रग्बीबद्दल नाही. ठरलेलं मोडलं. मोडू दे.

कारण लिहा. नाहीतर पैज रद्द, आणि दिवाळीचं वकील बघतील.

प्रमोदिनी गुप्ते

*

नोएडा
२ सप्टेंबर २०२३

प्रमोदिनीताई,

वकिलांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

गेल्या रविवारी तनया आणि मी लंडनचा सामना बघायला बसलो. एरवी ती सोफ्यावर बसत नाही, त्यावर नाचते. २०१९ ची अंतिम लढत तिने माझ्या खांद्यावरून पाहिली होती. या वेळी रिमोट हातात धरून बसली होती. आफ्रिकेने पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवून पहिला ट्राय केला, मी ओरडलो, ती गप्प. दुसरा झाला, तरी गप्प. मला वाटलं पोरीला बरं नाही.

मध्यंतराला तिने आवाज बंद केला. म्हणाली, "आबा, साउथ आफ्रिका जिंकली तर दिवाळीला मी इथे, राइट? और मम्मा तिकडे अकेली." मी म्हणालो, अगं, ती जुनी गंमत आहे. ती म्हणाली, "गंमत नाही ना. बाबांनी सांगितलं, तुम्ही दोघंच डिसाइड करणार. आजीची टीम जिंकली तर तुम्ही आणि बाबा अकेले. अच्छा." मग तिने बोटांवर काही तरी मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "यार आबा, दोघं हरले तर?"

माझ्या आवडत्या संघाचा न्यूझीलंडवरचा आजवरचा सर्वांत मोठा विजय समोर चालला होता आणि मला तो बघवेना. सोळा वर्षं आपण ज्या पैजेवर एकमेकांना टोमणे मारले, ती तिघांसाठी होती. कुणाच्याही घरी गेली तरी तिघं एकत्र जायची. आता त्या पैजेत ती एकटीच उरली आहे. स्क्रममध्ये टाकलेला चेंडू असतो तशी, दोन्हीकडून ओढलेली. हे माझ्या लक्षात यायला चौदा वर्षांच्या मुलीने आवाज बंद करावा लागला.

दोघं हरावेत अशी तिची इच्छा आहे. दोघांतला एक मी आहे, माझ्या वाट्याचं मी केलं. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. तुम्हाला दिवाळी मिळाली तर मला त्याचा राग येईल, आत्ताच येतो आहे. आणि मला ती नको आहे हे वाक्य तुम्ही परत लिहू नये. खोलीचा रंग काल पूर्ण झाला. ती येवो न येवो.

कृतिका गेली त्या दिवशी मी पेपर वाचत होतो हे खरं आहे. त्यावर मी आणखी काही लिहू शकत नाही.

वि. आठल्ये

*

करोल बाग
५ सप्टेंबर २०२३

विनायकराव,

हे कुरिअरने पाठवते आहे, शिट्टीच्या आत पोचायला हवं.

मी न्यूझीलंड सोडलं. चिली घेतली. त्यांचा हा पहिलाच वर्ल्ड कप आहे, गटात इंग्लंड, अर्जेंटिना, जपान आणि सामोआ. यांच्यापुढे त्यांचं काय होणार ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचं पत्र वाचून मन विरघळलं म्हणून मी हे करते आहे असं समजू नका. तुम्ही एकट्याने हरून मोठे व्हायचं आणि तनयाने मोठेपणी सांगायचं की आबांनी माझ्यासाठी आफ्रिका सोडली, आजी मात्र न्यूझीलंडला धरून बसली. ते मी होऊ देणार नाही. हरायचंच असेल तर मीही पुढच्या फळीत आहे. तुमच्यापेक्षा जास्त गुणांनी हरेन.

एक गोष्ट लागली ती सांगते, कारण आता काय लपवायचं. तिने हे तुम्हाला विचारलं. मला नाही. ती आठवड्याचे पाच दिवस माझ्या घरात झोपते, माझ्या हातचा डबा नेते, तिला ताप आला की मी बसते, आणि हा प्रश्न तिने तुमच्या सोफ्यावर बसून विचारला. का, ते मला कळतं. माझ्याकडे कृतिका ऐकत असते. आणि माझ्याकडे न्यूझीलंडबद्दल काहीही विचारलं की मी उत्तर द्यायच्या आधी इंद्रजितला दोन शब्द सुनावते. पोरगी हुशार आहे, जिथे ऐकून घेतील तिथेच बोलली. त्याचा मला तुमच्यावर फार राग आहे.

तुमच्यावरचा बाकीचा रागही आहे तसाच आहे. चहातल्या साखरेपासून सगळा.

पोच द्या. लेखी.

प्रमोदिनी गुप्ते

*

नोएडा
१ ऑक्टोबर २०२३

प्रमोदिनीताई,

काल अर्जेंटिनाने चिलीला ५९-५ हरवलं. तुमचा संघ चारही सामने हरून बाहेर. अभिनंदन म्हणावं की काय ते कळत नाही.

माझा संघ आधीच बाहेर पडला होता. फ्रान्सकडून ९६-०. जास्त गुणांनी हरण्याची तुमची धमकी पुरी झाली नाही, तिथेही मीच पुढे आहे. पण बुधवारी उरुग्वेविरुद्ध काय झालं ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. मध्यंतराला नामिबिया पुढे होता. जन्मात पहिल्यांदा जिंकणार असं दिसत होतं. तेवढ्यात तनयाचा फोन, तुमच्याच घरातून. "आबा, हे काय चाललंय? ये लोग जीत रहे हैं. काही तरी करा ना." मी काय करणार? मी सोफ्याचा हात घट्ट धरून बसलो. ती बिचारी पोरं जीव तोडून खेळत होती आणि इकडे सत्तरी उलटलेला माणूस त्यांनी हरावं म्हणून देवाला सांगत होता. शेवटी ३६-२६ हरली. फोनवर तनया हुश्श म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं थोडं नामिबियासाठी होतं.

आता पेच असा. दोघंही गटातच बाहेर, दोघांचा एकही विजय नाही. बरोबरी झाली तर काय करायचं याचा नियम आपल्या करारात नाही. मी सगळं आठवून पाहिलं. २००७ साली त्या चहावर आपण हर एक शक्यता बोललो होतो, तुम्ही पावसाने सामना रद्द झाला तर काय, हेसुद्धा विचारलं होतंत. हे एकच राहिलं. दोन्ही घरं हरतील असं तेव्हा कुणाच्या मनात आलं होतं?

तुम्हाला काही सुचत असल्यास कळवा.

वि. आठल्ये

*

करोल बाग
५ ऑक्टोबर २०२३

विनायकराव,

मला सुचलं नाही. मी तनयाला विचारलं. कृतिका घरात नसताना, आणि इंद्रजितचं नाव न घेता. अवघड गेलं.

तिने एका मिनिटात सांगितलं, जसं काही उत्तर कधीचं तयार होतं आणि कुणी विचारायची खोटी होती. यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आहे. पहाटेची आंघोळ इथे, संध्याकाळची पूजा तिथे. पाडव्याला मैत्रिणीकडे, दोन्ही घरांपैकी कुठेच नाही. मेट्रोने एकटी जाणार, केस वाळवून. सोडायला मी यायचं नाही, घ्यायला तुम्ही यायचं नाही. "आणि प्लीज, कोणी कोणाला काही बोलायचं नाही," असं म्हणाली. आपल्या दोघांबद्दल म्हणाली की आई-बाबांबद्दल, ते मी विचारलं नाही.

चिलीच्या पोरांनी जपानविरुद्ध पहिला ट्राय टाकला तेव्हा मी उभी राहिले होते. हे तनयाला सांगू नका.

प्रमोदिनी गुप्ते

*

नोएडा
२९ ऑक्टोबर २०२३

प्रमोदिनीताई,

तनया कालपासून इथे आहे. अंतिम सामना आम्ही आज सकाळी पाहिला, निकाल न बघता, फोन बंद करून. तुम्ही पाहिलात का ते विचारत नाही, पाहिला असणारच.

दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. चोवीस देशांत, चुकलो, वीस देशांत नेमके आपण सोडलेले दोन संघ शेवटी समोरासमोर आले. तुमचा कप्तान बाहेर काढला गेला, तुम्ही चौदा जण खेळलात, शेवटची किक बाजूने गेली. त्या चौदा जणांनी चिखलात वाकून जे केलं, ते पाहून मी ऑगस्टच्या पत्रातलं एक वाक्य मागे घेतो. फक्त न्यूझीलंडबद्दलचं.

मी संघ बदलला नसता तर एका गुणाने जिंकलो असतो. चार दिवस तनया माझ्याकडे, आणि तुमच्याकडे तेलाची वाटी. शिट्टी झाली तेव्हा मी सवयीने उठलो, आणि मग कशासाठी उठलो ते न कळून खाली बसलो. तनयाने विचारलं, "आबा, बुरा लग रहा है?" मी हो म्हणालो. खोटं बोलवेना. ती म्हणाली, "थोडं लागू दे."

पुढचा वर्ल्ड कप २०२७ ला, ऑस्ट्रेलियात. ती तेव्हा अठराची असेल आणि दिवाळी कुठे करायची ते आपल्याला विचारणार नाही. म्हणजे पैजेत लावायला आपल्याकडे काही उरणार नाही.

वि. आठल्ये

*

करोल बाग
९ नोव्हेंबर २०२३

विनायकराव,

पाहिला. एक गुण. त्यावर बोलायची माझी इच्छा नाही, आणि तुमचं ते मागे घेतलेलं वाक्य मला पोचलेलं नाही असं समजा. ते न्यूझीलंडला द्या. कृतिकाबद्दलचं अजून तिथेच आहे.

रविवारी दुपारी तनया निघेल. तिच्या पिशवीत फराळाचा डबा असेल. चकल्या मऊ पडल्या तर मला कळवू नका. चहात साखर स्वतः घालून घ्या.

डब्याखाली कागदात गुंडाळलेली चांदीची वाटी आहे. २००७ साली घेतलेली, न वापरलेली. सोबत उटण्याची एक पुडी. जावयाला दिवाळसणाचं तेल-उटणं लावायचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच, आता तो माझा जावई आणखी किती महिने आहे तेही वकीलच सांगतील. पण तुमच्या घरात हे कुणी आणणार नाही, आणि तो खोलीत ताट घेऊन बसतो म्हणता. पाडव्याला पहाटे त्याला उठवा आणि तुम्ही लावा. आई नाही त्याची, सासूही जवळजवळ नाही. बापाचे हात चालतील.

त्याला माझं नाव सांगायचं नाही. तनयालाही विचारू नका, तिला माहीत नाही.

प्रमोदिनी गुप्ते